कांद्याची जलयात्रा

माणसाने पाणीखात्यात नोकरी केली की लोकांना वाटतं, याला पाण्यातलं सगळं कळतं. मी हेक्स्लीच्या पाणीखात्यात उभं आयुष्य काढलं हे खरं, पण तेवढ्या वर्षांत माझा पाण्याशी संबंध आला तो फक्त चहाचा कप विसळताना. माझं काम बिलं पाठवण्याचं. तरीसुद्धा माझ्या थोरल्या मेहुणीने, एनिडने, कालव्यातून होडीने विकनफर्डला जायचं जाहीर केलं, तेव्हा होडी कोण चालवणार या प्रश्नावर घरातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझी बायको ग्लेनिस तर म्हणाली, "मर्विन आहे ना! पाण्याचाच माणूस तो."

आता विकनफर्ड आमच्यापासून मोटारीने पाऊण तासावर आहे. बसने गेलं तर सव्वा तास, कारण बस प्रत्येक चर्चपाशी थांबते. कालव्याने पाच दिवस लागतात. शहाणा माणूस अशा वेळी मोटार काढतो, पण आम्हाला तिथे कांदा न्यायचा होता.

हा कांदा साधा नव्हता. एनिडचा नवरा सिरिल जन्मभर कांदे वाढवत आला. नगरपालिकेकडून भाड्याने घेतलेल्या वाफ्यावर तो तान्ह्या मुलाएवढाले कांदे काढायचा, आणि दर सप्टेंबरात विकनफर्डच्या भाजीपाला प्रदर्शनात त्याचा दुसरा नंबर यायचा. पहिला नंबर पर्सी टॅटरसॉलचा. गेल्या वर्षी कांदा मोटारीच्या डिकीत होता, रस्त्यावरच्या उंचवट्यावर गाडी आदळली आणि कांद्याला डाग पडला. पुन्हा दुसरा नंबर. तेव्हा सिरिल म्हणाला होता, "पुढच्या वर्षी कालव्याने जायचं. पाण्याला खड्डे नसतात." त्याने नेहमीप्रमाणे नाताळच्या दुसऱ्या दिवशी बी पेरलं, आणि जानेवारीत, बी नुसतं वर डोकावत असताना, तो गेला.

एनिड कांदा खात नाही. तिला वासही सोसत नाही. पण ती रोपं तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत जगवली, मग वाफ्यावर नेली, आणि त्यातला सगळ्यात दांडगा कांदा एका मोठ्या टबात वाढवला. एवढं सगळं करताना ती कोणाशी धड बोलली नाही की हसली नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात तिने वाफ्याच्या फाटकाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"तुझी ओळख आहे नगरपालिकेत. प्रदर्शन झालं की परत देऊन टाक," ती म्हणाली. "सिरिलचा कांदा टेबलावर ठेवला की माझं काम संपलं."

रात्री ग्लेनिस मला म्हणाली, "तो वाफा सुटला ना, मर्विन, तर ती पडदे ओढून घरात बसेल. आणि मग उठायची नाही ती." मी किल्ली कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

ही बातमी गल्लीत पसरल्यावर सल्ल्यांचा पूर आला. आमच्या देशात माणूस शेजाऱ्याला पगार विचारणार नाही, पण कालव्यावर निघालेल्या माणसाला सल्ला दिल्याशिवाय सोडणार नाही. समोरच्या मिसेस पॉम्फ्रेटनी लोकरीचे मोजे आणून दिले आणि त्यांचा चुलतभाऊ कालव्यात कुठे पडला होता ते सविस्तर सांगितलं. मग लक्षात आलं की गल्लीतल्या प्रत्येकाचा एकेक चुलतभाऊ कालव्यात पडलेला आहे. शेजारचा रोलंड, बँकेतून निवृत्त झालेला, सल्ला द्यायला म्हणून आला आणि दुसऱ्या दिवशी सोनेरी पट्टीची पांढरी कप्तानाची टोपी घालून पुन्हा आला.

"कप्तान मी होणार," तो म्हणाला. "तू नुसतं सुकाणू धर."

त्याला कोणी बोलावलं होतं असं मला आजही आठवत नाही. पण टोपी घालून आलेल्या माणसाला नको कसं म्हणायचं?

होडी भाड्याने देणाऱ्या बाईंनी आम्हाला विचारलं, "पाळीव प्राणी आहे का बरोबर?"

"नाही, कांदा आहे," मी म्हणालो.

बाईंनी टबाकडे पाहिलं. हिरवी पात माझ्या छातीला लागत होती. त्यांनी नियम काढले. कुत्र्यांबद्दल नियम होते, सायकलींबद्दल होते, टपावर ठेवायच्या कुंड्यांबद्दलही होते, पण होडीच्या पुढच्या टोकाला बसून प्रवास करणाऱ्या कांद्याबद्दल काही नव्हतं. त्यांनी मालकांना फोन केला. मालकांनी आणखी कोणाला तरी केला. तोवर आम्ही दोन वेळा चहा प्यालो. शेवटी कांद्याची नोंद 'सामान' अशी झाली. एनिडला हे मुळीच आवडलं नाही, आणि खरं सांगायचं तर तोवर मलाही आवडलं नाही.

आमच्या कालव्यावरची होडी म्हणजे चाळीतला लांबलचक बोळ पाण्यावर सोडल्यासारखी असते. मी एका टोकाला सुकाणू धरून उभा, आणि दुसऱ्या टोकाला, पार लांब, कांदा आणि त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसलेली एनिड. सुकाणूची गंमत अशी की ते डावीकडे ढकललं की होडी उजवीकडे जाते. हे मला रोलंडने समजावून सांगितलं होतं, ग्लेनिसनेही सांगितलं होतं. पण संकटसमयी माणूस स्वभावावर जातो. पहिल्या तासात मी दोन्ही काठांची पाहणी केली, अगदी जवळून.

वेगाबद्दल न बोललेलं बरं. बाबागाडी ढकलत चाललेली एक बाई पायवाटेवरून आम्हाला मागे टाकून गेली. थोड्या वेळाने ती पाव आणि भाजी घेऊन परत आली, तेव्हा आम्ही त्याच पुलाखाली होतो. "छान हवा आहे," ती म्हणाली. "फारच छान," मी म्हणालो. कालव्यावर दिसेल त्या माणसाला हे म्हणावं लागतं. पाऊस पडत असला तरी म्हणावं लागतं, आणि त्या वेळी तो पडतच होता.

दुसऱ्या दिवशी लॉक लागलं. लॉक म्हणजे दोन दारांमधली पाण्याची खोली: होडी आत घ्यायची, पाणी भरलं की होडी वर चढते, सोडलं की खाली उतरते. दारांच्या झडपा उघडायला एक लोखंडी हँडल लागतं. रोलंडने मला ते हँडल दिलं आणि आरमारी भाषेत हुकूम सोडला. हुकूम समजून घ्यायला मी वळलो, आणि हँडल पाण्यात गेलं. ते पकडायला मी वाकलो, आणि मीही गेलो.

"मर्विन!" ग्लेनिस ओरडली. "पोहता येतं का तुला?"

चाळीस वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न! मी हातपाय झाडले, देवाचं नाव घेतलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की पाणी कमरेपर्यंतच आहे. मी उभा राहिलो. पायवाटेवर कुत्रं घेऊन उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ टोपी किंचित उचलून म्हणाले, "छान हवा आहे." मी म्हणालो, "फारच छान." पाणीखात्याची अब्रू राखण्याचा तेवढाच मार्ग उरला होता. किल्ली खिशात होती, बटण लावलेलं होतं. हँडल मात्र गेलं ते गेलंच, आणि नवीन मिळवण्यात आमचा अर्धा दिवस गेला.

तिसऱ्या दिवशी हंस आला. चांगला गलेलठ्ठ हंस, मान वर करून आला आणि त्याने सरळ कांद्याची पात धरली. एनिडने छत्री उगारली.

"हात लावू नकोस!" रोलंड ओरडला. "हंस राणीचे असतात! गुन्हा आहे तो!"

"राणीचा असेल तर राणीने त्याला जेवायला घालावं," एनिड म्हणाली आणि तिने छत्री हंसाच्या तोंडासमोर फाडकन उघडली. हंस इतका दचकला की पात सोडून उलटा पोहत गेला. एक पान गेलं, पण बाकी कांदा शाबूत राहिला. ग्लेनिस माझ्याकडे बघत होती. जानेवारीपासून एनिडने एवढं लांब वाक्य उच्चारलं नव्हतं.

अशा रीतीने शुक्रवारी सकाळी आम्ही विकनफर्डच्या पायऱ्यांशी पोहोचलो. तिथे एकापाठोपाठ एक सात लॉक्स आहेत, आणि ती उतरली की समोरच प्रदर्शनाचं मैदान. शनिवारी सकाळी दहाला मंडपाचं दार बंद होतं, मग प्रत्यक्ष राणी आली तरी कांदा आत घेत नाहीत. आमच्या हाताशी अख्खा दिवस होता. फक्त पहिल्या लॉकच्या अलीकडे एक हिरवी होडी उभी होती.

"आपल्या आधी एक आहे," मी म्हणालो, आणि तिच्या मागे शिस्तीत होडी लावली.

आम्ही चहा केला. लॉक रिकामं दिसत होतं, पण कारण असेल काहीतरी. खालून कोणी येत असेल, पाणी कमी असेल. थोड्या वेळाने आमच्या मागे एक होडी येऊन लागली. त्यातल्या जोडप्याने आम्हाला हात केला, आम्ही त्यांना केला. मग आणखी एक आली. जेवायच्या वेळेपर्यंत मागची रांग वळणापलीकडे गेली होती. हिरव्या होडीच्या धुराड्यातून धूर येत होता आणि पडदे लावलेले होते.

"विचारून पाहू का?" ग्लेनिस म्हणाली.

"काय विचारणार?" मी म्हणालो. "अहो, तुम्ही पुढे का जात नाही? किती वाईट दिसेल ते!"

"घाई करतोय असं वाटेल त्यांना," रोलंड म्हणाला. टोपी काढून त्याने डोकं पुसलं. "आणि कप्तानाने घाई करायची नसते."

दुपारी मागच्या होडीवरचे गृहस्थ आले. नाव मिस्टर ओल्डरॉइड. आले, कांदा पाहिला, हवेबद्दल बोलले, पुन्हा कांदा पाहिला, आणि बराच वेळ घुटमळून म्हणाले, "मी अर्थात तक्रार करत नाहीये हं. पण तुम्हाला काही कल्पना?" मी म्हणालो, आमच्या पुढे हे आहेत. ते म्हणाले, हो, हो, अर्थात. आणि आपण घुसखोर ठरू की काय या भीतीने घाईघाईने परत गेले.

रांग ही आमच्या लोकांची खरी पूजा आहे. चर्चमध्ये आम्ही उशिरा जाऊ, पण रांगेत कधी पुढे जाणार नाही. आणि जो पुढे उभा आहे त्याला 'का उभा आहेस' असं विचारणं म्हणजे त्याच्या घराण्याची चौकशी करण्यासारखं आहे. हे सगळं मला मान्य आहे. पण चहाची वेळ झाली, सावल्या लांबल्या, आणि मला पुढच्या टोकाला बसलेली एनिड दिसली. ती मनगटावरचं घड्याळ बघत नव्हती. ती कांद्याची पात एकेक करून पुसत होती, सावकाश, शेवटचं काम असल्यासारखी. उद्या दहाच्या आत हा कांदा पोहोचला नाही तर ती तशीच घरी जाईल, पडदे ओढेल, आणि मी माझ्या सभ्यतेसकट बघत राहीन.

मी उठलो. अंगातलं सगळं बळ एकवटून पायवाटेवर उतरलो. तरीसुद्धा, खोटं कशाला सांगू, हिरव्या होडीपर्यंत जाऊन मी नुसता खाकरलो.

पण मागून एनिड आली. तिने छत्रीच्या दांड्याने दारावर ठोकलं.

दार उघडलं. आतून एक दाढीवाला माणूस डोकावला, सपाता घातलेला, हातात पुसायचं फडकं.

"तुम्ही रांगेत आहात का?" एनिडने विचारलं.

"कसल्या रांगेत?" तो म्हणाला. मग त्याने वाकून मागे पाहिलं, आमची होडी, ओल्डरॉइडांची, तिच्या मागची, आणि वळणापलीकडे गेलेला सगळा पसारा. "मी राहतो इथे. मार्चपासून."

एनिडने छत्री खाली घेतली.

"सकाळपासून बघतोय मी," तो म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "म्हटलं, हे सगळे कशासाठी थांबलेत? पण विचारणं बरं दिसलं नसतं."

मी आयुष्यात अनेकदा ओशाळलो आहे, पण अख्ख्या रांगेने मिळून ओशाळण्याचा तो पहिलाच प्रसंग. बातमी होडीमागून होडी मागे गेली, आणि प्रत्येक होडीवरून एकच आवाज आला, "अरेच्चा! माफ करा हं!" कोण कोणाची माफी मागत होतं कळत नव्हतं. दाढीवाला आमची मागत होता, आम्ही त्याची, ओल्डरॉइड सगळ्यांची.

मग एनिड पायवाटेवर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उद्या दहाच्या आत मला कांदा मंडपात न्यायचाय. नवऱ्याने पेरलेला आहे. तो नाहीये आता."

त्यावर जे झालं ते मी विसरणार नाही. ओल्डरॉइडांनी बाह्या सारल्या आणि ते आपलं हँडल घेऊन पुढच्या लॉककडे धावत सुटले. त्यांच्यामागे त्यांची बायको. त्यांच्यामागे अख्खी रांग, आजोबा, मावश्या, ओला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस, आणि सगळ्यात पुढे सपाता फटफटवत तो दाढीवाला. आम्ही एका लॉकमधून बाहेर पडतो न पडतो तोच पुढच्याची दारं उघडलेली! अंधार पडेपर्यंत पाच उतरलो. उरलेली दोन सकाळी उतरलो, तेव्हाही दाराशी माणसं हजर, हातात चहाचे कप. कोणीही रांग मोडली असं म्हणालं नाही. रोलंडने हुकूम सोडायला तोंड उघडलं, पण ऐकायला कोणी रिकामं नव्हतं. मग त्याने टोपी सुकाणूवर अडकवली आणि तो दार ढकलायला लागला. त्या दिवशी तो मला प्रथमच आवडला.

मैदानावर एनिडने स्वतः कांदा टबातून उपटला, माती झाडली, पात कापून सुतळीने बांधली. मी आणि रोलंडने तो उशीवर ठेवून मंडपात नेला. दाराशी गळ्यात फीत घातलेले एक अधिकारी होते.

"कांदा कोणाचा?"

"सिरिल हॅडफील्डचा," एनिड म्हणाली.

"ते आलेत का?"

"नाही. वारले."

अधिकारी चांगले होते, त्यांनी मान खाली घातली. पण नियम त्यांच्यापेक्षा चिवट होता. "माफ करा, बाईसाहेब. ज्याने वाढवला त्याच्याच नावाने घेता येतो. आणि तो माणूस हजर हवा." घड्याळात दहाला थोडीच मिनिटं उरली होती. मी मधे पडणार होतो. ग्लेनिसने माझा कोट मागून ओढला.

एनिड कांद्याकडे बघत उभी राहिली.

"मी वाढवला," ती म्हणाली. "पेरला त्याने. वाढवला मी. एनिड हॅडफील्ड लिहा."

दुपारी निकाल लागला. पहिला नंबर पर्सी टॅटरसॉल. दुसरा, एनिड हॅडफील्ड.

एवढे पाच दिवस, तो हंस, ती रांग, कमरेएवढं पाणी, आणि दुसरा! एनिड टेबलापाशी गेली. तिने पर्सीचा कांदा डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, वाकून खालूनही पाहिला.

"वाकडा आहे," ती म्हणाली.

मागे पर्सी टॅटरसॉल येऊन उभा होता. त्याने हॅट काढली. "सिरिल दरवर्षी हेच म्हणायचा," तो म्हणाला. "काल दिवसभर मी कालव्याकडे डोळे लावून बसलो होतो, एनिड. वाटलं, या वर्षी मला वाकडा म्हणणारं कोणी येत नाही."

"वाकडाच आहे, पर्सी!" एनिड म्हणाली, आणि हसायला लागली. अशी हसली की टेबलाला धरून उभं राहावं लागलं. पर्सीही हसला. शेजारच्या गाजरवाल्यांनी नाराजीने आमच्याकडे पाहिलं.

तरी किल्ली माझ्याच खिशात होती, आणि तिच्याबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. मी विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं.

रविवारी आम्ही परत निघालो. सात लॉक्स चढून वर आलो, तर हिरवी होडी जागेवर होती, आणि तिच्यावर नवा, ताज्या रंगाचा बोर्ड: 'मी रांगेत नाही.' एनिडने होडी थांबवायला लावली. कांदा दोन्ही हातांत घेऊन ती उतरली आणि तिने दाढीवाल्याच्या दारावर कोपराने ठोकलं. तो बाहेर आला, तेच फडकं हातात.

"हा घ्या," ती म्हणाली. "सूप करा. सिरिलने एकही कापू दिला नाही कधी, म्हातारे होऊन सडायचे बिचारे. मला तर वासही सोसत नाही. आणि हा बोर्ड काढू नका. पुढच्या वर्षी याच दिवसांत आम्ही येणार आहोत."

मी सुकाणू धरून उभा होतो. आता हे वाक्य मी नीट ऐकलं का, असं विचारायला मी ग्लेनिसकडे वळलो, तोच एनिड होडीवर चढली आणि तिने माझ्यासमोर हात पसरला.

"मर्विन, किल्ली."

मी खिशाचं बटण काढलं. किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिने किल्ली पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "नाताळच्या दुसऱ्या दिवशी वाफ्यावर ये. खत उचलायचंय. रोलंडलाही आण, टोपीशिवाय."

ग्लेनिस डोळे पुसत होती. मी काय झालं म्हणून पाहिलं, तर म्हणाली, "काही नाही रे. कांद्याने पाणी आलं."

कांदा पलीकडच्या होडीवर होता, आणि अजून तो कोणी कापलाही नव्हता. पण मी पाण्याचा माणूस, मी काही बोललो नाही. सुकाणू डावीकडे ढकललं, होडी उजवीकडे गेली, आणि या वेळी ते मला आधीपासून ठाऊक होतं.